गिटारीचं कुंकू

सून भांडत नाही, ही सुभद्राबाईंची तक्रार होती.

राजापेठेतल्या बाकी सासवा उलटं गाऱ्हाणं घेऊन फिरत. कोणाची सून तोंड चालवते, कोणाची भांडी आपटते. सुभद्राबाईंची मैथिली काही म्हणतच नव्हती. दसऱ्यानंतर तिच्या विजेच्या गिटारीचा आवाज बसत गेला आणि दिवाळीच्या तोंडाशी पार गेला, तरी पोरीनं ना आदळआपट केली, ना कोणावर संशय घेतला.

"अशी कशी वो ही?" त्या शेजारच्या संध्याला म्हणाल्या. "माही कढई कोनं फोडली असती त म्या गल्ली डोक्यावर घेतली असती. अन् ही पाय, आपलेच हात पाहात बसली हाये."

"बरं हाये ना, काकू. गरीब गाय भेटली तुमाले."

"गाय बी लाथ मारते, दूध काढतांना नख लागलं त."

सुभद्राबाईंना लाथच हवी होती. कारण गिटार त्यांनीच बिघडवली होती, आणि हे घरात त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मैथिली मास्तरांच्या घरची. त्या घरी माणसं भिंतीला ऐकू जाऊ नये असं बोलतात. लग्न करून आली तेव्हा तिच्यासोबत कपाटाच्या आधी एक लांबट काळी पेटी घरात आली. आत गिटार. शिकवणी वर्गात शिकवून आलेल्या पहिल्या पगाराची. सुभद्राबाईंनी त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, डबडं. "लोकाईच्या सुना बाजाची पेटी वाजवतात, भजनात टाळ धरतात. आमची विजेचं लाकूड वाजवते," असं त्यांनी गल्लीत सांगून टाकलं, आणि एकदा सांगितलेलं मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

पण दुपारी त्या जवारी पाखडायला बसल्या की आतल्या खोलीतून ते लाकूड बोलायचं. मैथिली ते खणखण बडवत नसे. बोटांनी हळूच छेडायची, आणि एखादी तार बोटाखाली अशी ओढायची की सूर माणसाच्या गळ्यासारखा वर चढायचा. एके दिवशी सुभद्राबाईंचा हात सुपावरच थांबला. आतून त्यांचीच गुणगुण येत होती. त्यांच्या मायनं जात्यावर म्हटलेली चाल, त्या पाखडताना नाकातल्या नाकात म्हणायच्या ती. पोरीनं ती कधी उचलली कोण जाणे! सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मोठ्यानं ओरडल्या, "बंद कर वो ते, डोकं उठलं माहं!"

त्यानंतर दसरा आला. सकाळी घरातली सगळी अवजारं पुजायची रीत. विळा, खुरपं, भाजी चिरायची पावशी, मुलाची मोटरसायकल. मुलगा शिवम नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात पाळ्या करतो. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तो बायकोला घेऊन अंबादेवीच्या दर्शनाला गेला. घरात सुभद्राबाई एकट्या. झेंडूचं एक फूल उरलं होतं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि ती काळी पेटी उघडली.

पूजा करायची तर नीट करायची, हा त्यांचा स्वभाव. तारांच्या खाली तीन पांढऱ्या पट्ट्या होत्या, एकीच्या खाली एक, आणि प्रत्येकीवर सहा गोल टिकल्या, जणू सहा देवांची डोकी. कुंकू खाली लावत नाहीत, वर लावतात. म्हणून त्यांनी गळ्याजवळची वरची पट्टी निवडली. तारा बाजूला सारून सहाही टिकल्यांना ओलं कुंकू लावलं. वरून पंचामृताचे थेंब सोडले. दूध, दही, तूप, मध, साखर, काही उणं ठेवलं नाही. फूल वाहिलं, हात जोडले. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल वाजली. त्यांनी फूल उचललं, पदरानं भराभर पुसलं आणि पेटी लावून टाकली.

वरचं पुसलं गेलं. आत गेलं ते आतच राहिलं.

नेमक्या त्याच पट्टीवर मैथिली वाजवायची. मऊ आवाज तिच्यातून येई. बाकीच्या दोन चिरक्या, त्या तिला नको असत. त्या पट्टीला पिकअप म्हणतात, हे सुभद्राबाईंना ती बंद पडल्यावर कळलं. तारेची थरथर ती पकडते आणि वायरीतून आवाजाच्या खोक्यात सोडते. मैथिलीनं फोनवर कुठल्याशा मित्राला विचारलं. तो म्हणाला, हाताला घाम येत असेल. काहींच्या घामात खार जास्त असतो, तो आतली तार खाऊन टाकतो.

तेव्हापासून मैथिली हात धुवायची. पोळ्या लाटताना मध्येच हात रुमालाला पुसायची, तळव्यांना पावडर लावायची, आणि एखाद्या चोराकडं पाहावं तसं स्वतःच्या बोटांकडं पाहायची. "माझे हातच वाईट आहेत, आई," असं एकदा ती हसत म्हणाली. सुभद्राबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. बोलून टाकावं असं त्यांना वाटलं. पण बोलायचं म्हणजे दोन गोष्टी कबूल करायच्या. बिघडवलं, ही एक. आणि ज्याला गल्लीभर डबडं म्हटलं त्याच्यापुढं हात जोडले, ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी जड होती.

"अकोल्याला एक जण नवा पिकअप बसवून देतो," मैथिली म्हणाली. "रविवारी जाऊन येते."

"एकटी काहून? मी बी येतो."

"तुम्ही? कशाला आई, गुडघे दुखतात तुमचे."

"माणिकबाईले भेटून लई दिवस झाले," सुभद्राबाईंनी अकोल्याच्या बहिणीचं नाव पुढं केलं. माणिकबाई त्या आठवड्यात लेकीकडं होती, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं.

एसटीत गिटार दोघींच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखी बसली. बडनेरा गेलं, सुभद्राबाईंनी घसा खाकरला. मूर्तिजापूर आलं, त्यांनी खिडकीतून संत्री घेतली.

"घे, खाय."

"तुम्हीच सोला ना आई. माझे हात नकोत त्याला."

सुभद्राबाईंनी संत्रं सोललं. एकेक फोड सुनेच्या तोंडात दिली, लहान पोराला द्यावी तशी, आणि स्वतः एकही खाल्ली नाही. उतरेपर्यंत त्यांचा घसा तेवढा खाकरून झाला.

दुकान टॉवर चौकाच्या अलीकडं, एका गाळ्यात होतं. मालक पियुष, केसांची शेपटी बांधलेला, बोलण्यात भलता हुशार.

"काय वाजवता ताई? रॉक? मेटल? ब्लूज?"

"असंच... घरी वाजवते," मैथिली पुटपुटली. "मला फक्त घामानं खराब होणार नाही असं पाहिजे."

"मग हे घ्या," त्यानं चकचकीत धातूचं झाकण असलेला रुंद पिकअप टेबलावर ठेवला. "आत तारेच्या दोन गुंडाळ्या. जाडजूड आवाज, विजेची गुणगुण नाही, वरून पॅकबंद. कितीबी घाम गाळा. फक्त हा रुंद आहे, तुमच्या गिटारीचं लाकूड थोडं कोरावं लागंल."

"अन् मंग पुन्हा पयल्यासारखं करता येते काय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कोरलेलं लाकूड भरून येते का, मावशी?"

"आवाज जाड होईल का खूप?" मैथिलीनं विचारलं.

"होईल ना. तेच तर लोकांना पाहिजे असते. ज्यांना तार जोरात झोडायची आहे त्यांना हाच. बारीक, मोकळा आवाज पाहिजे असंल तर एका गुंडाळीचा, तुमच्या जुन्यासारखा. पण तो असा पॅकबंद नसतो, अन् तुमच्या हाताचं तुम्ही सांगताच आहे."

मैथिलीनं रुमाल मुठीत आवळला. "झाकणवालाच बसवा. माझ्या हातांना तोच बरा. नाहीच जमलं तर मग विकून टाकीन."

विकून टाकीन, हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की सुभद्राबाईंनी वळून तिच्याकडं पाहिलं. पियुषनं तारा सोडल्या, वरची पाटी काढली, मेलेली पट्टी उपटली आणि तिचं पांढरं टोपण काढलं. आत केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली होती, आणि टिकल्यांच्या बुडाशी लालसर काहीतरी साचून घट्ट बसलं होतं.

"हे पाहा," पियुषनं पट्टी मैथिलीपुढं धरली. "गंज. तार खाऊन टाकली. घाम, दुसरं काही नाही."

मैथिलीनं मान खाली घातली. पियुष आतून लाकूड कोरायचं यंत्र घेऊन आला.

"ठेव ते खाली," सुभद्राबाई म्हणाल्या.

"काय झालं मावशी?"

"ठेव म्हटलं ना, शेपटीवाल्या."

त्यांनी ती पट्टी त्याच्या हातून घेतली. नखानं तो लाल भाग खरवडला, बोट जिभेला लावून ओलं केलं, खरवडलेलं त्यावर घेतलं आणि मैथिलीच्या कपाळावर दाबलं. लालभडक उमटलं.

"गंज असा उठते काय रे कपायावर?"

मैथिलीनं कपाळाला हात लावला, बोट पाहिलं, मग सासूकडं पाहिलं.

"कुंकू?"

"दसऱ्याले लावलं. म्या. तुमी देवीले गेल्ते तवा." सुभद्राबाई भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडं पाहून बोलत होत्या. "सहाईच्या सहा टिकल्याईले. अन् वरून पंचामृत."

"पंचामृत!" पियुष म्हणाला.

"तू गप बस."

"मधसुद्धा?" मैथिलीचा आवाज चढायला लागला होता. "आई, मध घातलात तुम्ही माझ्या गिटारीत?"

"मधाबिगर पंचामृत कसं होईन?"

"आणि मी हात धुत होते! पावडर लावत होते! पोळ्या करताना, जेवताना, झोपताना! तुम्ही समोर बसून बघत होतात, आणि एक शब्द बोलला नाहीत? मला वाटलं माझ्या हातातच खोट आहे. आत्ता, या मिनिटाला, मी लाकूड फाडून घेणार होते!" शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावला. मैथिलीला त्याची पर्वा राहिली नव्हती. "आणि डबडं म्हणत होतात ना? गल्लीभर डबडं, डबडं! मग डबड्याची पूजा कशाला केलीत?"

हाच प्रश्न होता. याच्याच भीतीनं त्यांनी अख्खी दिवाळी गिळली होती.

"डबडं म्हनत होतो," त्या म्हणाल्या. "तोंडानं."

लाथ बसली होती, हवी होती तशी. पण सुभद्राबाईंना वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. पोरीचे डोळे भरले होते, आणि इतके दिवस धुऊन धुऊन तिच्या बोटांची साल निघाली होती, हे त्यांना आता, दुकानाच्या उजेडात, धड दिसलं. त्यांनी तो रुमाल तिच्या मुठीतून काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला.

"मंग, मावशी?" पियुषनं जपून विचारलं. "कोणता बसवू?"

"मले काय विचारतं? तिले विचार."

मैथिली नाक ओढत उभी होती. तेव्हा सुभद्राबाईच म्हणाल्या, "हे पाय बाप्पा, ही तार झोडत नाई. बोटानं छेडते, अन् ओढते. जवारी पाखडतांना दाना दाना येगळा पडते ना, तसा सूर पडते तिचा. तुह्या त्या जाड्या डब्यात साऱ्या दान्याईचा शिजून घाटा होईन."

"म्हणजे एका गुंडाळीचा. पण मग बारीक गुणगुण येईल हां, पंखा-ट्यूबलाइट जवळ असली की."

"गुनगुन त मी बी करतो दिवसभर घरात. सवय हाये तिले."

मैथिली रडता रडता फिसकन हसली, आणि हसल्याचा राग येऊन तोंड फिरवून उभी राहिली. "एका गुंडाळीचाच," ती पियुषला म्हणाली. "लाकडाला हात लावू नका."

पियुषनं नवी पट्टी जुन्या जागी बसवली, वायरी डाग देऊन जोडल्या, तारा चढवल्या. सुभद्राबाई तोवर स्टुलावर बसून होत्या. सून त्यांच्याकडं पाहत नव्हती. ते योग्यच होतं. माफीचा शब्द त्यांनी दोनदा ओठापर्यंत आणला आणि दोन्ही वेळा तो परत गेला; उभ्या जन्मात वापरलेला नव्हता, त्याला बाहेरची वाट ठाऊक नव्हती.

मग मैथिलीनं गिटार मांडीवर घेतली. हात पुसायला रुमाल शोधला. तो नव्हता. तिनं तशीच बोटं तारांवर ठेवली. आधी नुसती गुणगुण आली, मग तिच्यातून एक सूर सुटला, मग दुसरा, दाणा दाणा वेगळा. जात्यावरची चाल. एका ठिकाणी तिनं तार ओढली तेव्हा सुभद्राबाईंना आपली माय दिसली, आणि या वेळी त्यांनी डोकं उठलं असं म्हटलं नाही.

चाल संपली. मैथिलीनं विचारलं, अजून फणकाऱ्यातच, "कसं वाटतंय? सांगा. खरं सांगा या वेळी."

सुभद्राबाई उठल्या, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या, आणि शेजारच्या गाळ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वाजवते तू चांगली, हात बी तुहे चांगले हायेत. पन दुसऱ्याचा गुन्हा आपल्या आंगावर घ्याची तुही खोड वाईट हाये, पोरी. यापुढं घरात काई बिघडलं त पयले माह्यावर आळ घेजो. म्याच केलं असंन."