तळघरातली सवत

आमच्या तळघरात माझी सवत राहते. ओकच्या पिंपात. नाव गिलेन. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण आमच्याकडची पिवळी वाईन एकदा पिंपात भरली की सहा वर्षं तिला कुणी छेडायचं नसतं. आटेल तेवढी आटू द्यायची, वर यीस्टची साय धरू द्यायची, नवी भर घालायची नाही. गिलेननं शेवटचं पिंप भरलं आणि त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली. दोन वर्षांनी आन्सेल्मनं मला ब्रेसहून लग्न करून आणलं. तेव्हापासून ऐकतेय, "गिलेनचं पिंप उघडेल ना, तेव्हा बघ."

मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या घरात चार दिवस राहून दाखवावं.

बाकीच्या पिंपांतली वाईन आन्सेल्म दर हिवाळ्यात, वरची साय न मोडता, छोट्या तोटीतून घोटभर काढून चाखतो. एखादी आंबट व्हायला लागली तर वेळेवर कळतं, काहीतरी करता येतं. गिलेनच्या पिंपाला मात्र त्यानं तोटीच बसवली नाही.

"तेही चाखून बघ की," मी एकदा म्हटलं.

"त्यात काय बघायचंय? तिच्या हातचं आहे ते."

माझ्या हातचा प्रत्येक घास हा माणूस घोळवून घोळवून खातो आणि म्हणतो, "मीठ जरा कमी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून बटाटे आणायला तळघरात उतरले की मी त्या पिंपासमोर उभी राहायचे आणि म्हणायचे, "आंबट हो, बाई. पार व्हिनेगर हो."

या फेब्रुवारीत मुदत भरली. पिंप उघडायला आन्सेल्मनं रविवार ठरवला, दाढी केली, लग्नातला कोट घातला. आमच्या नव्हे, त्यांच्या लग्नातला.

"गिलेन कोंबडी करायची तेव्हा वास पार चर्चपर्यंत जायचा," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या कोंबडीचा अंगणापर्यंत तरी जाईल," मी म्हटलं.

कोंबडी माझ्या वडिलांकडची होती. क्रीम आणि गुच्छी अळंबी घालून मंद शिजवली. शेवटी पेलाभर पिवळी वाईन पडली की झालं. टेबलावर अक्रोड मांडले, जुनं कोंते चीज कापून ठेवलं.

आन्सेल्म जग घेऊन खाली गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा भिंत धरून आला. जग त्यानं माझ्यापुढे ठेवला. वास घ्यायला मला वाकावंही लागलं नाही.

जिंकले, मी मनात म्हटलं. लाजबीज काही वाटली नाही.

"तोटी बसवायला हवी होती," आन्सेल्म म्हणाला आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागला. माझ्यासाठी तो कधी रडलेला नाही. जिंकल्याचं सुख तेवढंच टिकलं.

कोंबडीत मी दुसऱ्या पिंपातली वाईन घातली. कुणी धड जेवलं नाही.

"ओतून देऊ सगळं," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं. "पिंप मी धुऊन काढते."

सासूबाईंनी जगात बोट बुडवून चाटलं. जरा थांबल्या, पुन्हा चाटलं.

"ओतून? वेड लागलंय का तुला, नोएली? असलं व्हिनेगर अख्ख्या गावात कुणाकडे नसेल. वाईन असती तर पाहुण्यांनी वर्षभरात संपवली असती. हे नासायचं नाही. तुम्हा दोघांना जन्मभर पुरेल."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मातीची बरणी भरून माझ्या शेगडीशेजारी ठेवली.

काल दुपारी सॅलडवर त्यातलं चमचाभर घातलं. मीठ घालायचं मी साफ विसरले होते. आन्सेल्मनं एक घास घेतला, मग दुसरा, मग बशी पावानं पुसून घेतली.

"आज काही कमी नाही," तो म्हणाला.