आखूड अर्ज

“लांब लिही, नीले. साहेब पाघळला पाहिजे!” दत्तोपंतांचा हा आवाज अजून माझ्या कळांमध्ये घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. नगरच्या कॅम्पातल्या लिलावात दत्तोपंतांनी मला घेतलं आणि आपल्या ओसरीवर आणून बसवलं. ते लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देत. ‘मोस्ट हंबली बेग टु स्टेट’ असं लोटांगण घातल्याशिवाय त्यांचा अर्ज सुरूच होत नसे. लोक कागद हातावर तोलून बघत आणि जड लागला की खूश होत. मलाही त्यात माझा रुबाब वाटे.

पुढे दत्तोपंतांचे हात कापू लागले, तेव्हा त्यांची लेक नीलांबरी माझ्यापुढे बसू लागली. मिशनच्या शाळेत मडमेचं रोजचं बोलणं ऐकून तिचा कान तयार झाला होता. ती ही लोटांगणं गाळू लागली. खरं सांगतो, मला तिचा संशयच येई. ही आळशी तर नाही?

महायुद्धाच्या दिवसांत, एका सोमवारी, पाथर्डीकडच्या राहीबाई आल्या. त्यांचा मुलगा गोरक्ष पलटणीत गेला होता आणि वर्षभर त्याची खबर नव्हती.

“माजा गोरक्ष कुठं हाय, येवढं सायबाला इचारा,” त्या म्हणाल्या.

नीलांबरीने कळा दाबल्या. ‘प्लीज टेल मी व्हेअर माय सन इज.’ खाली त्याचं नाव, पलटण. आणि कागद काढलासुद्धा!

“येवढुसंच?” राहीबाईंनी कागद उलटसुलट केला. “पंत, लेक तुमची कामचुकार हाय का? का गरिबाचं हसं करती?”

“नीले, चार ओळी वाढव गं. चरणांची धूळ तरी घाल.”

“बाबा, साहेबाची आईसुद्धा असंच लिहील. मावशी जे बोलल्या तेच इथे आहे. एवढी धूळ उडवली तर गोरक्ष दिसायचा नाही.”

“तू म्हनतीस! कागुद काय बोलतो ते मला काय ठावं?” राहीबाईंनी पदराच्या गाठीतला भंडारा सोडला आणि माझ्याशेजारी ठेवला. “उचल बेलभंडार!”

मला तर ते हवंच होतं. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष! सोमवार धरणारी नीलांबरी साधी शपथसुद्धा सहसा घेत नसे. ती देवघरातून बेलाचं पान घेऊन आली आणि भंडाऱ्यासह ओंजळीत धरून हलकेच म्हणाली, “तुम्ही बोललात तेच यात आहे, मावशी. आणि उत्तर येईल ते मी तुमच्या दारी येऊन सांगेन. जसंच्या तसं. भर नाही, घट नाही.”

राहीबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. “बघू,” एवढंच म्हणून उठल्या. त्यांचा विश्वास बसला असं काही मला वाटलं नाही.

मित्रांनो, आज मी गंजलो आहे. माझ्यावर एखादं फडकं टाका, तेलाचा थेंब सोडा. पण माझ्याहून जास्त शब्दांना जपा. माणूस बोलतो तसं साधं लिहिलेलं दिसलं, तर ते दुबळं समजून बाजूला सारू नका.

पण उत्तराचं सांगायचं राहिलं. ते आलं, आणि तेही आखूडच. गोरक्ष इस्पितळात होता. जिवंत होता. उजवा हात मात्र कोपरापासून गेला होता.

“हाताचं सांगू नकोस गं,” दत्तोपंत पुटपुटले. “बाई खचेल. जिवंत आहे, एवढं पुरे.”

“बेलभंडार उचललाय बाबा. घट नाही,” नीलांबरी म्हणाली. तिने देवापुढे हात जोडले, कागदाची घडी घातली, पायात चपला सरकवल्या आणि पाथर्डीची मोटार गाठायला निघाली.