सव्वीस वर्षांची कसर

मालवाहू बोटीवर सव्वीस वर्षं आचारी म्हणून राबलेला माणूस घरी बसला, तेव्हा त्याने मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. बायकोशी बोलायचं, पोटभर. इतक्या वर्षांत कुठल्या तरी बंदरातून फोन लागायचा, त्यातला अर्धा वेळ "आवाज येतोय का?" विचारण्यात जायचा आणि उरलेला "आल्यावर बोलू" म्हणण्यात. आता तो आला होता, कायमचा. सगळी कसर भरून काढायची होती.

बैल गेला आणि झोपा केला, असं कुणी म्हणालं असतं तर त्याला राग आला असता. पण बोलायला बसलं की बायको "हं" म्हणायची. फार झालं तर "हो का?"

मग त्याने हातातली विद्या बाहेर काढली. पहाटे उठून बटाट्याची भाजी केली. आता, ज्या हाताला तीस खलाशांचा अंदाज, त्याला दोन माणसांचं प्रमाण कुठून कळणार? घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं काठोकाठ भरलं. शेजाऱ्यांना वाटून झाली, तरी दोघं तीन दिवस तीच खात होती.

"कशी झालीये?" त्याने विचारलं. विचारलं कसलं, ओरडलाच. जन्म इंजिनाच्या खोलीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात गेला होता.

"चांगली आहे," ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

ती भांडत नव्हती, हीच पंचाईत होती. भांडली असती तर निदान बोलली तरी असती. तो केर काढायला धावला, तर तिने काढून ठेवलेला. कपडे वाळत घालायला गेला, तर ती मुकाट्याने मागून येऊन तेच कपडे पुन्हा झटकून घालायची. आपल्याच घरात कुठे उभं राहावं हे त्याला कळेना. बोटीवर इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी तो भाजी आणायला निघाला. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. तो परतला, जिना चढला. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून बायकोचा आवाज येत होता. भरभरून बोलत होती, मध्येच हसत होती.

कोण आलंय एवढं, म्हणून त्याने फटीतून पाहिलं. स्वयंपाकघरात ती एकटीच होती. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून शेंगा निवडत होती.

"...अहो, काय सांगू तुम्हाला! शेजारच्या वहिनी आता पातेलं दिसलं की दारच लावून घेतात. मला असं हसू फुटलं! पण त्याच्यासमोर कसं हसायचं? माणूस वाईट नाही हो. मनापासून करतो सगळं. पण सारखा पायात येतो आणि बोलतो केवढ्यानं! तुमचं बरं, तुम्ही कसं निवांत ऐकून घेता." ती थांबली, एक शेंग सोलली. "तो घरात असला की तुमच्याशी बोलताच येत नाही बघा. दोन महिने झाले. फार आठवण येते तुमची."

आपण बोटीवर कांदे चिरत होतो, तेव्हा रोज इथे, या ओट्यापाशी, आपल्याशी गप्पा होत होत्या, हे त्याला त्या क्षणी कळलं. सव्वीस वर्षांत एक दिवस खाडा नसावा. त्याचे डोळे भरून आले. आत जाऊन "अगं, मीच तो" म्हणावं, असं फार वाटलं. पण दाराला हात लावला असता, तर ती गप्प झाली असती.

बोटीवरच्या त्या आचाऱ्याचा त्याला हेवा वाटला.

चष्मा राहू दिला. पायांचा आवाज न करता तो जिना उतरला आणि कोपऱ्यावरच्या बाकावर तासभर बसून राहिला. तिचं सगळं सांगून होऊ दे, म्हणून.