मनोरमाबाईंचा एकमेव संवाद

सात वर्षांच्या असताना मनोरमाबाईंनी एका इंग्रजी सिनेमात काम केलं होतं. वडील तेव्हा लंडनला शिकत होते आणि कुणा दिग्दर्शकाला जिन्यावर उभी करायला एक हिंदुस्थानी पोरगी हवी होती. सिनेमा खुनाचा, पण इतका फाटका की दार आपटलं की सेटची भिंत हलायची. आता हायडेलबर्गच्या एका फिल्म क्लबने तोच हुडकून काढला होता, आणि त्याची जर्मन सबटायटल्स करत होती मनोरमाबाईंची नात अन्वी. शनिवारी दुपारी तिने आजीला आणि बाबांना, म्हणजे कपिलला, क्लबमध्ये बोलावलं.

पडद्यावर इन्स्पेक्टरने विचारलं, "खुनी कोण?" चिमुरड्या मनोरमेने समोर बोट रोखलं आणि मराठीत काहीतरी ठणकावलं. खाली जर्मन अक्षरं उमटली: 'तोच! त्यानेच मारलं!' कपिलने आईला अर्थ सांगितला.

"साफ खोटं," मनोरमाबाई म्हणाल्या. "मी असं बोललेच नाही."

अन्वीने प्रसंग मागे नेऊन आवाज वाढवला. उत्तरं ती जर्मनमध्ये द्यायची, पण मराठी तिला सगळं कळायचं. आता तिलाही स्पष्ट ऐकू आलं, "ह्यानं मला चिमटा काढला. मी नाही रडणार!"

बोट होतं कॅमेऱ्याशेजारी उभ्या दिग्दर्शकाकडे. पोरगी रडावी म्हणून त्याने दंडाला कचकचीत चिमटा काढला होता. फिल्म महाग, म्हणून दुसरा टेक झालाच नाही. दिग्दर्शक मोकळा सुटला आणि त्या बोटावरून सिनेमातला एक भाडेकरू खुनी ठरून फासावर गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. घरी त्यांची आई म्हणाली होती, "परमुलखात तोंड आवरावं." मनोरमाबाईंनी ते आजवर आवरलं, आणि त्याचीच त्यांना जास्त चीड होती.

क्लबचे प्रमुख ब्रुग्गर अवघडले. क्लबचा उद्याचा महोत्सव त्याच दिग्दर्शकाच्या नावाने होता. "म्हणजे बघा, मूळ संहितेत 'त्यानेच मारलं' असंच लिहिलंय."

कपिलने ते मराठीत सांगितलं.

"लिहिलं त्यांनी. बोलले मी."

"आई, जाऊ दे ना. सत्तर वर्षं झाली."

"सत्तर वर्षं माझ्या तोंडी खोटं घातलंय, कपिल! तू आणखी माझ्या आईसारखं करू नकोस. सांग त्यांना, ओळ बदलली नाही तर उद्या पडद्यासमोर उभी राहून मी स्वतः बोलेन."

कपिलने मान खाली घालून सांगितलं. ब्रुग्गर काही म्हणायच्या आत अन्वीने जुनी ओळ पुसून टाकली आणि नवी टाइप करायला घेतली. ब्रुग्गर चष्मा पुसत बसले.

रविवारी सकाळी अकराचा खेळ. मनोरमाबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. पोरीने बोट रोखलं आणि खाली अक्षरं आली: 'ह्या माणसाने मला चिमटा काढला. मी रडणार नाही.' कुणीतरी हसलं.

पडद्यावरच्या इन्स्पेक्टरने हॅट काढली आणि सत्तर वर्षं म्हणत आला तेच म्हटलं, "पोरगी खरं बोलतेय."