अर्धी सर्व्हिस

"काकू, तुम्ही सर्व्हिस अशी भीक घातल्यासारखी का करता?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि भिंगरीला वाटलं, आता रॅकेट पाठीतच बसणार! कोर्टाच्या कुंपणामागे लंबू आणि टिकली एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. क्लबच्या डबल्स स्पर्धेसाठी उद्या संध्याकाळपर्यंत नावं द्यायची होती. लंबूची सर्व्हिस म्हणजे तोफ, त्यामुळे तिची जोडीदार व्हायला अर्धा वर्ग टपलेला. भिंगरीची सर्व्हिस म्हणजे… जाऊ दे. पण तिला खेळायचं होतं, अगदी जिवापाड खेळायचं होतं. "सिग्नलकाकूंना हे विचारून दाखव, मी तुला घेते," लंबू म्हणाली होती.

सिग्नलकाकू हे नाव मुलींनीच पाडलेलं. बाई वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेल्या. रोज संध्याकाळी एकट्या येत, भिंतीवर चेंडू मारत, कुणी बोलावलं तर खेळत. सर्व्हिस मात्र कमरेखालून, अलगद.

काकूंनी चेंडू खिशात टाकला. "पैज केवढ्याची?"

"अं?"

"कुंपणामागे दोघी दात काढतायत. मी चौकात उभी राहिलेली बाई आहे गं. मागून कोण येतंय ते न वळता कळतं मला."

भिंगरीने जीभ चावली. खरं तर इथेच पळून जायचं. पैज जिंकली होती. पण तिला आता उत्तर हवंच होतं. "सॉरी काकू. पण खरंच, का?"

काकूंनी उजवा हात वर नेला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि फुगलेल्या ड्रॉवरसारखा अडला. "इथवरच. पुढे रस्ता बंद." त्या हसल्या. "हॉस्पिटलसमोरचा चौक होता माझा. सगळी नोकरी हा हात वर. ट्रक थांबायचे, बस थांबायच्या, एकदा अँब्युलन्ससाठी मंत्र्याची गाडी थांबवली. मग चौकात दिवे बसले आणि मला ऑफिसात बसवलं, शिक्के मारायला. आणि तुम्ही मला सिग्नलकाकू म्हणता! अगं, सिग्नल आला म्हणून तर मला काढलं."

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून भिंगरीने आणखी एक प्रश्न विचारला. "मग टेनिसच का? कॅरम खेळायचा ना, बसून."

"माझ्या चौकातून हे कोर्ट दिसायचं. इथेही माणसं हात वर करायची, पण इथे कुणी थांबायचं नाही, सगळे पळत सुटायचे! वाटायचं, एकदा आपणही असा हात वर करावा. सवड मिळेपर्यंत खांदा गेला." काकूंनी चेंडू काढून तिच्या हातात दिला. "बघू तुझी सर्व्हिस."

भिंगरीने चेंडू वर भिरकावला, त्याच्यामागे धावली आणि तो थेट काकूंच्या पाण्याच्या बाटलीवर घातला. कुंपणामागून टाळ्या पडल्या.

"तू चेंडू फेकतेस आणि मग त्याला शोधत फिरतेस," काकू म्हणाल्या. "सगळं सोपं कर. आडवी उभी राहा. रॅकेट आधीच खांद्यामागे टाकून ठेव, पाठ खाजवतेयस समज. ते घुमवणंबिमवणं नंतर. आता डावा हात. हा मला दाखवता येतो."

त्यांचा डावा हात सरळ, सावकाश वर गेला. बोटं उघडली, चेंडू सुटला, पण हात खाली आलाच नाही. तिथेच थांबला, पंजा पसरून. भिंगरी बघतच राहिली. भर रहदारीत उभ्या असलेल्या बाई तिला लख्ख दिसल्या.

"ट्रॅफिक थांबवलंयस तू. चेंडू वर लोंबकळतोय तोवर हात खाली नाही."

"का पण?"

"हात पडला की मान पडते, मान पडली की चेंडू जाळीत. आणि चेंडूवर रॅकेट कशी मारायची, ते मात्र तुझं तूच बघ. तो अर्धा भाग माझ्याकडे नाही."

एक जाळीत. एक गवतात. एक लंबूच्या डोक्यावरून. मग कधीतरी भिंगरीचा डावा हात वर गेला आणि तिथेच राहिला, सगळं जग क्षणभर थबकलं आणि "टप्प" असा गोड, भरीव आवाज आला. चेंडू जाळीवरून गेला आणि समोरच्या चौकटीत पडला. जोरात नाही. पण बरोब्बर चौकटीत!

"गेला! काकू, गेला!" ती चक्क नाचायला लागली.

काकू त्या चेंडूकडे बघत होत्या. तो मागच्या कुंपणाला लागून थांबेपर्यंत बघत राहिल्या.

"तुम्ही डबल्सला नाव दिलंय?" भिंगरीने विचारलं.

"मी?" काकू बाटली उचलून पुसू लागल्या. "जोडीदार लागतो ना गं त्याला. दरवर्षी नावं लिहायच्या फळ्यापर्यंत जाऊन येते."

बाहेर लंबूने भिंगरीच्या गळ्यात हात टाकला. "मानलं तुला! उद्या आपलं नाव देते. आता तर तुला सर्व्हिसही येते. कप आपलाच!" भिंगरी नुसतंच "हं" म्हणाली. हे ऐकायला ती महिनाभर तरसली होती.

रात्रीच्या जेवणाला तिने सगळं सांगितलं, काकूंचा खांदा, चौक, सगळं, शेवटी लंबूचंही.

"लंबूबरोबर!" बाबा खूश झाले. "मग कप टीव्हीशेजारी ठेवू. नाहीतर दारासमोर, म्हणजे येणाऱ्याला आधी—"

भिंगरीने डावा हात सरळ वर केला, पंजा पसरून. बाबा थांबले. त्यांचा चमचाही थांबला.

"मी लंबूबरोबर खेळणार नाहीये," ती म्हणाली. "मी सिग्नलकाकूंबरोबर नाव देणार."

"त्या हो म्हणाल्या?" आईने विचारलं.

"उद्या विचारणार. ह्या वेळी पैजेशिवाय."

"अगं, पण त्यांचा हात वर जात नाही ना?"

"माझा जातो की," हात खाली न आणता भिंगरी म्हणाली.