मिस्तरीच्या हातांची गाठ

आमच्या केळीनं माना टाकल्या होत्या, आणि दिलवरसिंग मिस्तरी तापीच्या काठावर हात पाठीमागे बांधून बसला होता! खरंच बांधलेले. स्वतःच्याच रुमालानं, हाताखालच्या भिला नावाच्या पोराकडून बांधून घेतलेले. माझं तर डोकंच फिरलं.

साठ सालचा उन्हाळा. इंजिन धडधडत होतं, पण पंप पाणी ओढेना. आमचे हे, रूपचंद, म्हणजे गरीब गाय. भांडायची वेळ आली की बैलांना चारा घालायला जायचे. म्हणून मीच तोंड उघडलं.

"भाऊ, तुझं नाव ऐकून तुला रनाळ्याहून बोलावलं ना? मग ऊठ की! या भिलाच्या भरवशावर माझी केळी वाळू देऊ?"

"वरडनं तं मन्हावर वरड, माय," तो म्हणाला. "काम मन्हं शे. बिघडनं तं नाव मन्हं. पन हात भिलाना."

"हे कसलं खूळ?"

मग सांगितलं त्यानं. गेल्या साली सगळी इंजिनं तो एकटाच खोलायचा, कुणाला पान्याला हात लावू देत नसे. मग तापानं फणफणून चिंचपाड्याच्या दवाखान्यात पडला. इकडे धानोऱ्याकडच्या बागा वाळल्या. दुसऱ्या कुणाला कामच येत नव्हतं.

"मन्हा हात दोनच शेतस, माय. सांजलोंग पानी नही चढनं तं तूच गाठ सोड. मंग मी करसू."

बरं म्हटलं. त्याच्या शेजारीच ठाण मांडून बसले, डोळा सूर्यावर.

भिलानं पंप खोलला, जोडला, चालू केला. ठणठणीत कोरडा! पुन्हा खोलला. मिस्तरी बसल्या जागी खांदे आवळायचा, ओठावर आलेलं गिळायचा. एकदाच म्हणाला, "भिला, पानी येत नही, मंग काय यी ऱ्हायनं?"

सूर्य टेकला. मी उठून गाठीला हात घातला.

"थांब वं माय!" नदीत सोडलेल्या नळाला कान लावून भिला ओरडला. "हवा वढी ऱ्हायना!"

नळाच्या जोडावर त्यानं ओला चिखल थापला, तर चिखल आत ओढला गेला. तिथंच फट होती, मेली! इंजिन बंद करून त्यानं फट बुजवायला सफेद्याच्या लेपात भिजवलेली सुतळी गुंडाळली, जोड आवळला, पंपात घागरीनं पाणी भरलं आणि हँडल मारलं. अगं बाई! पाटात असं पाणी कोसळलं की आमचे हे चारा टाकून धावत आले.

सगळ्यांनी तापीमायला हात जोडले. मिस्तरीला जोडता येईनात, म्हणून मी हसत गाठ सोडायला वाकले आणि हसू तोंडातच राहिलं. त्याची मनगटं सोलून लाल झाली होती. दिवसभर ते हात धाव घेत होते, आणि हा देवमाणूस त्यांना ओढून धरत होता.

मी हात मागे घेतला.

"भिला," मी म्हटलं, "तूच सोड रे बाबा."

त्यानं गाठ सोडली. मी तेल आणायला घराकडे पळाले.