केसाएवढी फट

सासूबाई मनापासून हसल्या आणि त्यांच्या पुढच्या दाताची कॅप थेट विहीणबाईंच्या कपात पडली. तेव्हापासून त्या तोंडावर हात ठेवूनच बोलत. घरचीच दातांची लॅब, दोन्ही सुना त्यात तरबेज, आणि सासूच्या तोंडात खिंडार! थोरलीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कामाची वाटणी साधी होती. थोरली संगणकावर कॅप आखायची आणि दात व कॅप यांच्यात सिमेंटसाठी केसाएवढी फट सोडायची. धाकटी शेजारच्या खोलीत मशीनवर ती कोरून काढायची. फट जास्त झाली की कॅप सैल, कमी पडली की बसतच नाही.

धाकटीच्या मशीनवर कॅप जरा घट्ट निघते, हे थोरलीला माहीत होतं. बोलावं तर पोर हिरमुसेल, म्हणून ती आपणच गुपचूप फट वाढवून ठेवी. सासूबाईंची नवी कॅप आखताना मात्र तिनं ती मुकाट्यानं कमी केली.

नवी कॅप डॉक्टरांनी दाबून पाहिली, फिरवून पाहिली. ती काही केल्या बसेना. घरी आल्यावर सासूबाई ताट घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. 

थोरली तडक धाकटीकडे गेली. "खरं सांग, मशीनमध्ये काही बदललंस का?"

"रागावणार नाही ना, ताई? कॅप घट्ट निघायची, म्हणून मी इथे थोडी सैल करून घ्यायचे. आईंची पडली, तेव्हा ते काढून टाकलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कसं बोलू? काम तुम्हीच तर शिकवलंत."

मग थोरलीनंही आपण वाढवत आलेली फट कबूल केली. दोघींनी सांभाळून घेतलं तेव्हा सैल, दोघींनी हात काढला तेव्हा घट्ट! इतरांच्या दातांवर सिमेंटनं निभावून नेलं होतं. सासूबाईंच्या झिजलेल्या दातानं मात्र बिंग फोडलं.

तिसऱ्या वेळी दोघी एकाच पडद्यासमोर बसल्या. थोरलीनं आकडा टाकला.

"ताई, एवढी फट पुरणार नाही," धाकटी म्हणाली.

थोरलीला ते झोंबलं. पण तिनं आकडा बदलला.

कॅप बसली. सगळी हकिकत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एका घरात राहता, आणि एवढं सांगायला माझा दात मध्ये लागला?" आणि त्या खदखदून हसल्या. हात मांडीवरच होते.